अमावास्या झाली की मिसिंग

आमच्या भागात मिस्त्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरवाला येतो. ऊस, ट्रॉल्या, डिझेलचा धूर आणि कोपरापर्यंत ऑइल. मी त्यातला नव्हे. बारामती-इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज होतं ते पेट्रोल गाड्यांचं. ट्रॅक्टरवाले मिस्त्री मला ‘घड्याळजी’ म्हणून चिडवायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट आतून बरंच वाटायचं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते दाबानेच पेटतं. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी हवी, आणि ती नेमक्या क्षणाला हवी. त्या ठिणगीच्या मागे धावण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून गॅरेज पुतण्याकडे दिलंय आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो.

गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘गाडी मिसिंग मारतेय.’ म्हणजे काय होतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तीन ठिकाणी आळीपाळीने पेटतं. एकाच उखळात तिघी जणी मुसळाने कांडतात, तसं. तिघींचा ताल जमला की काम सुरळीत. एकीचा घाव चुकायला लागला की उरलेल्या दोघींवर ताण येतो, मग गाडी थरथरते, झटके देते, चढाला दम टाकते. घाव चुकायची कारणं चारच असतात. पेट्रोल पोचत नाही, हवा कमीजास्त होते, सिलिंडरमधला दाब गेलाय, नाहीतर ठिणगी पडत नाही. ठिणगीचं सांगायचं तर बॅटरीची वीज कॉइलमध्ये जाऊन जबरदस्त ताकदीची होते आणि मग डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग ती एकेका प्लगला वाटून देतो. त्या डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर एक टोपण असतं, त्यातून प्लगच्या जाड वायरी निघतात. नव्या गाड्यांत हे काही राहिलेलं नाही, तिथे संगणकच सगळं बघतो. पण जुन्या गाडीत सगळा कारभार त्या टोपणातून चालायचा.

कुठला सिलिंडर चुकारपणा करतोय ते शोधणं सोपं असतं. इंजिन चालू ठेवायचं आणि लाकडी मुठीच्या चिमट्याने प्लगची एकेक वायर काढून बघायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच रडतं. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही तो कामचुकार. सरकारी कचेऱ्यांतही ही युक्ती चालेल असं मी एकदा एका तलाठ्याला म्हणालो होतो, तेव्हापासून तो दुसऱ्या गॅरेजला जायला लागला. पण कामचुकार सापडला म्हणजे आजार सापडला असं होत नाही. तो का चुकतोय ते शोधायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी चार महिने.

वालचंदनगरच्या कॉलनीत एक निवृत्त इंजिनिअर साहेब राहायचे. त्यांची गाडी मिसिंग मारायला लागली तेव्हा ते आलेखाचा कागद घेऊन आले. त्यावर तारखा, हवेतला उकाडा, वेग आणि झटके असं सगळं पेन्सिलने काढलेलं. त्यांचा निष्कर्ष होता की उकाड्याने पेट्रोलची नळीतच वाफ होते. मी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर आत खारीने कापूस, सुतळी आणि उशीची चिंधी असा संसार थाटलेला. गाडी क्वार्टरच्या मागे चिंचेखाली उभी असायची. साहेबांनी शांतपणे कागद गुडघ्यावर घेतला, ‘उकाडा’ या शब्दावर काट मारली आणि शेजारी ‘खार’ असं लिहिलं. मग म्हणाले, "मिस्त्री, मी बघितलं ते बरोबर होतं हां. अर्थ तेवढा चुकीचा लावला." हे वाक्य मी पुढे कित्येक गिऱ्हाइकांना ऐकवलं, मात्र स्वतः वेळेवर आठवलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

चार-पाच वर्षांमागे, भाद्रपदात, वरकुट्याहून एक पांढरी व्हॅन आली. व्हॅनपेक्षा ती चालवणारी फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मनीषा तिचं नाव. नवरा लोणी देवकरच्या एमआयडीसीत पाळीने कामाला, म्हणून सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा बारामतीला न्यायचं काम हिच्याकडे आलेलं. त्यासाठीच ती गाडी शिकली होती. सासरे म्हणजे तात्या. आयुष्य आधी मेंढरांमागे आणि नंतर उसाच्या सरीत गेलेलं, आणि आता दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. एक खेप चुकली की अंगात पाणी साठून श्वास लागायचा. एसटीने नेऊन बघितलं होतं, पण परतताना तात्यांना उभं राहवत नसे. म्हणून ही जुनी व्हॅन घेतली, आणि ती झटके द्यायला लागली.

त्या दिवशी तात्यांबरोबर सोनाबाई, म्हणजे त्यांची बायको, पण आल्या होत्या. मी इंजिन बघत असताना त्या बाजूला उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, काय लागंल ते घाला, पर गाडी वाटंत थांबाया नगो. ह्यास्नी वाटंत काय झालं तर मी काय करू? घरात माणसं हायती, दवाखान्यात डाक्टर हायती. रस्त्याच्या कडंला कोण हाय?" त्यानंतर त्या एकदाही गाडीबद्दल बोलल्या नाहीत. पण भीती कसली आहे हे मला पहिल्याच दिवशी समजलं होतं.

या व्हॅनमध्ये पुढची सीट उचलली की खाली इंजिन असतं. तात्या बसायचे त्या सीटखालीच. मी प्लग बदलले, वायरी नव्या लाल रंगाच्या टाकल्या, टोपण बदललं. तिन्ही सिलिंडर गुण्यागोविंदाने चालू लागले. गाडी देताना आमच्याकडे नारळ फोडायची पद्धत आहे, तो फोडला, हातात पेढा ठेवला आणि गाडी गेली.

तीन आठवड्यांनी मनीषा परत आली. पुन्हा तोच सिलिंडर, तीच थरथर. मी विचारलं, "कधीपासून?"

"आवस झाली तवापस्नं, काका. आवसंच्या दुसऱ्याच दिशी पयला झटका बसला. आधी अगदी ग्वाड चालती, आवस झाली की मिसिंग."

आवस म्हणजे अमावास्या. मी हसलो. नुसता हसलो नाही, शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून सांगितलं की बघ, या गाडीला अमावास्या बाधते. तो पण हसला. मनीषा हसली नाही. मग मी माझं शहाणपण पाजळलं. "सूनबाई, इंजिनाला पंचांग कळत नसतं. तू चोक ओढून ठेवत असशील. प्लग काळे पडतात त्याने."

"न्हाय काका. चोक मी येशीच्या आतच ढकलती."

ती खरं बोलत होती. प्लग काढले तेव्हा ते काळे नव्हते, आणि हे मला दिसत होतं. तरी मी तिला चोक कसा वापरायचा ते पहिलीतल्या पोरीला शिकवावं तसं परत शिकवलं. बाईमाणूस गाडी चालवते म्हणजे काहीतरी चुकवत असणार, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. आज लिहिताना याची लाज वाटते. त्या दिवशी नाही वाटली. कार्बोरेटर उघडून धुतला, टाकीतलं पेट्रोल उपसलं, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बदलले, आणि टोपणाचा माल खराब निघाला असेल म्हणून दुसरं टोपण टाकलं. जुनं न बघताच भंगारच्या डब्यात फेकलं. गाडी परत छान चालू लागली, आणि मी चोकचं निदान बरोबर ठरलं असं धरून चाललो.

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली. या काळात व्हॅन आणखी दोनदा आली. आता तर आठ दिवस पण नीट चालत नव्हती. गावात लोक बोलायला लागले होते. कोणी म्हणे करणी आहे, पण जास्त लोक म्हणत की बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. मनीषाच्या नवऱ्याने मला फोन करून विचारलं, "मिस्त्री, हिच्या हातनंच काय हुतंय का?" मी सरळ ‘नाही’ म्हणायला हवं होतं. "बघू," असं म्हणालो.

मग मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला. धुकं एवढं होतं की गॅरेजचं शटर अंगणातून दिसत नव्हतं. पलीकडून मनीषा बोलत होती. व्हॅन कालव्याच्या पुलावर बंद पडली होती. पुढे-मागे उसाच्या ट्रॉल्या, त्यांचे हॉर्न चाललेले, आणि तात्यांना धाप लागली होती. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "काका, तुमी म्हणला हुता दुरुस्त झाली."

मी मोटारसायकल काढून पोचेपर्यंत एका दुधाच्या टेम्पोवाल्याने तात्या आणि सोनाबाईंना कॅनच्या मध्ये बसवून बारामतीला नेलं होतं. त्या भल्या माणसाचं नाव पण कोणी विचारलं नाही. सातची वेळ गेली होती, मशीनवर दुसरा पेशंट होता, तात्यांना दुपारपर्यंत बाकावर बसावं लागलं. पाय सुजून चपला निघत नव्हत्या असं नंतर कळलं. ते वाचले. पण मी पुलावर त्या गाडीशेजारी उभा होतो तेव्हा ते वाचतील का हे मला ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांत गाडी दुरुस्त न होण्याची भीती मला कधी वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली.

व्हॅन टो करून आणली आणि हात लावण्याआधी मी भंगारचा डबा जमिनीवर पालथा केला. त्यात या गाडीची तीन जुनी टोपणं होती. ती उन्हात धरून बघितली. तिन्हींवर केसासारखी बारीक काळी रेघ होती. जाणत्याला ती रेघ पुरे. ठिणगी प्लगपर्यंत न जाता टोपणाच्या अंगावरून, ओलीचा रस्ता धरून खाली लोखंडात पळून जात होती आणि पळता पळता प्लॅस्टिक जाळत होती. ओल सुकली की गाडी बरी, दव पडलं की आजारी. मी बोट फिरवलं तर ते चिकटलं. वायरी जिथे टोपणात बसतात त्या खोबणीतही चिकट पिवळसर थर होता.

पिवळं मला आधी पण दिसलं होतं. पण जेजुरी ज्याच्या देव्हाऱ्यात नाही असं घर आमच्याकडे विरळा. बॉनेट उघडावं तिथे चिमूटभर भंडारा सापडतोच, कॉलनीतल्या साहेबांच्या गाडीत पण होता. भंडारा आमच्या डोळ्यांना धूळ म्हणून दिसतच नाही. परगावचा मिस्त्री असता तर त्याने पहिल्या दिवशी विचारलं असतं की हे पिवळं काय आहे.

पण कोरडा भंडारा चिकटत नाही. वरून काहीतरी सांडत होतं. वर तात्यांची सीट होती. मला वाटलं चहा असेल, औषध असेल, नाहीतर खडीसाखरेचं पाणी. गॅरेजमध्ये बसून ते कळणार नव्हतं. गाडी परत दिली, आणि पुढच्या शुक्रवारी तिच्या निघायच्या वेळी मीच वरकुट्याला जाऊन उभा राहिलो.

झुंजुमुंजू होत होतं. अंगणात तात्या घोंगडी पांघरून खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "या मिस्त्री. गाडीला भेटाया आलाव का मला?" मी म्हणालो दोघांना. तेवढ्यात सोनाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी व्हॅनचं दार उघडलं, सवयीच्या हाताने सीट उचलली, पायरीच्या दगडावर नारळ फोडला आणि त्यातलं पाणी इंजिनावर धार धरून ओतलं. थेट टोपणावर. वर मूठभर भंडारा टाकला, ओठांतल्या ओठांत "येळकोट" म्हणाल्या, हात जोडले आणि सीट खाली टाकली. मग तात्यांना धरून त्यावर बसवलं. मनीषाने किल्ली फिरवली आणि गाडी थरथरायला लागली.

"बघा," मनीषा म्हणाली. "तुमच्यासमूर."

नारळाचं पाणी म्हणजे साखर आणि मीठ. सुकलं की चिकटतं, दवाने ओलं झालं की वीज वाहून नेतं. त्यावर भंडारा बसून लेप तयार होतो. मला सगळं एका क्षणात दिसलं.

"वहिनी," मी म्हणालो, "हे रोजचं आहे?"

"आधी आवसंलाच करायची. गाडी लई तरास द्याया लागली, मग दवाखान्याच्या दर खेपंला करती."

म्हणजे गाडी बिघडली की पूजा वाढायची आणि पूजा वाढली की गाडी आणखी बिघडायची. मनीषाने मला दुसऱ्या वेळेलाच सांगितलं होतं की आवस झाली की मिसिंग. तिने बघितलं ते बरोबर होतं. अर्थ लावायचं काम माझं होतं, आणि मी पंक्चरवाल्याला हाक मारून हसलो होतो.

"पण लोक चाकापुढे नारळ फोडतात," मी म्हणालो. "सीट उचलून इंजिनावर पाणी टाकायला कोणी सांगितलं?"

सोनाबाईंनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "तुमीच की. पयल्या टायमाला गाडी दिली तवा तुमीच शीट उचलली. हितं गाडीचा जीव हाय म्हणला, आन् नारळाचं पाणी शिपडलं. माझ्या हातनं भंडारा टाकून घेतला. इसरला व्हय?"

खरंच विसरलो होतो. नव्या लाल वायरी दाखवायची हौस होती मला. माझं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही ही मिस्त्रीची कायमची तक्रार, म्हणून सीट उचलून दाखवलं, आणि उघडंच आहे तर दोन थेंब तिथेच शिंपडले. दोन थेंबांनी काही झालं नसतं. पण त्या बाईने ते विधी म्हणून मनात धरलं आणि माझ्यापेक्षा कितीतरी श्रद्धेने पाळलं.

त्या वेळी बोलत बसायला वेळ नव्हता. सातला पोचायचं होतं. मी सीट उचलून सगळं कोरड्या फडक्याने पुसलं, पिशवीतलं नवं टोपण बसवलं, मोटारसायकल त्यांच्या अंगणात लावली आणि मागे बसून निघालो. गाडी वाटेत एकदाही चुकली नाही. मनीषा चालवत होती आणि मी पहिल्यांदा तिचं चालवणं बघत होतो. उसाच्या ट्रॉलीमागे ती घाई करत नव्हती, खड्डा आला की तात्यांकडे एक नजर टाकून गाडी हळू घ्यायची. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या पुरुषांना एवढं नीट चालवता येत नाही.

तात्या मशीनवर गेले, सोनाबाई त्यांच्या उशाशी बसल्या. बाहेरच्या बाकावर मी मनीषाला सगळं सांगितलं. चोकचं सांगून मी चुकलो, अमावास्येवर हसून त्याहून जास्त चुकलो, आणि तुझ्या नवऱ्याने विचारलं तेव्हा ‘बघू’ म्हणालो ही तर लबाडीच झाली, असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"चार म्हैनं समदी माझ्याकडंच बोट दाखवत हुती, काका," ती म्हणाली. "तुमी बी."

"हो."

मग म्हणाली, "आता ते बोट आत्याबाईंकडं वळाया नगो. त्यास्नी कळलं ना, की त्यांच्या हातनं गाडी थांबली, तर त्या जेवायच्या न्हाईत. पुलावरलं अजून त्यांच्या सपनात येतंय."

सासूवर उलटायची आयती संधी होती. घराघरांतून मी काय काय ऐकलंय म्हणून सांगतो, ही संधी सोडणारी माणसं फार नसतात. तिच्या मनात ते आलं पण नाही. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि तसं मी तिला म्हणालो. ती लाजून आत निघून गेली.

परत वरकुट्याला पोचल्यावर मी अंगणात सोनाबाईंसमोर बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. "वहिनी, माझी एक चूक झाली. या गाडीचा जीव चाकात असतो, आणि मी तुम्हाला तो इंजिनात दाखवला. इथून पुढे नारळ चाकापुढे फोडा. भंडारा काचेला लावा. इंजिनावर पाणी नको."

आयुष्यभर मेंढरं सांभाळलेली बाई, तिला अशा गोष्टींनी फसवणं सोपं नव्हतं.

"म्हंजी माझ्या पाण्यानं गाडी बंद पडली व्हय, मिस्त्री?"

मनीषा माझ्याकडे बघत होती. मला खोटं बोलता आलं नाही. "व्हय, वहिनी. पण पाणी कुठं टाकायचं ते मी दाखवलं होतं. तुम्ही दाखवलं तसं केलंत."

सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. खाटेवर तात्या पडले होते, मशीनवरून आलं की त्यांना बोलायचंही त्राण नसायचं. पण ते कुशीवर वळले आणि म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"शीट खालनं वली असायची. धोतार चिकटायचं. रोज."

"मग बोलला न्हाई ते?"

"गाडीचं ठावं न्हवतं. पाण्याचं ठावं हुतं." तात्या थांबून थांबून बोलत होते. "म्हणलं, वतू द्यावं. तिच्या जिवाला बरं वाटतंय तर माझं धोतार चिकटलं म्हणून काय बिगाडलं."

सोनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग रडता रडता हसायला लागल्या. म्हणाल्या, "मी रोज धोतार धुयाची न् रसवंतीवर बसून येत्यात म्हून बोलायची." तात्या पण हसले, खोकला येईपर्यंत. जेवायच्या वेळेला सोनाबाईंनी मला उठू दिलं नाही. त्या जेवल्या, हे मी मुद्दाम बघून घेतलं.

त्यानंतर व्हॅनने मिसिंग मारलं नाही. नारळ चाकापुढे फुटत राहिला, बोनस म्हणून काचेवर भंडाऱ्याचा टिळा आला. मनीषा दर दोन महिन्यांनी गाडी दाखवायला आणायची, आणि आवाजात काही वेगळं वाटलं तर कधी, कुठे, किती वेळ, असं नीट सांगायची. मी तिच्या सांगण्यावरूनच गाडी उघडायचो आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. अशी सव्वातीन वर्षं गेली. उन्हाळे, पावसाळे, तीन गळीत हंगाम. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

मागच्या फाल्गुनात एका सकाळी व्हॅन गॅरेजसमोर थांबली. वार मंगळवार होता, त्यांचा खेपेचा दिवस नव्हता. मनीषा चालवत होती आणि शेजारच्या सीटवर, तात्यांच्या जागेवर, सोनाबाई बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. मी खुर्चीतून उठलो. त्या स्वतःच दार उघडून उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तात्या गेले, मिस्त्री. बारा दिस झाले."

मी गाडीकडे बघितलं, काही बिघडलंय का असं मनीषाला विचारलं. तिने मान हलवली. गाडी चांगली होती.

"गाडीचं काय काम न्हाय," सोनाबाई म्हणाल्या. "सांगाया आले. शुक्कीरवारी मशीनवरनं आणलं, गाडीत माझ्यासंगं बोलत आले. घरी चा घेतला. सांच्याला खाटंवर निजले, ते उठलेच न्हाईत. माझा हात हुता त्यांच्या हातात." मग म्हणाल्या, "वाटंत न्हाय गेले."

"बरं झालं," मी म्हणून गेलो, आणि लगेच जीभ चावली. दारात आलेल्या बाईला, नवरा जाऊन बारा दिवस झालेले असताना, असं कोणी बोलतं का. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बरं झालं."